हिंगणा रोडवरची माल्डी सेवा आणि माझा हरवलेला ९०७

आधी कामाचं सांगते. लोकमान्य नगर हे मेट्रोचं शेवटचं स्टेशन. तिथे उतरून ऑटोने हिंगणा एमआयडीसीकडे निघालं की दहा मिनिटांत ही माल्डीची, म्हणजे लेझरने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजणारी, लॅब येते. पाटी लहान आहे, समोर लिंबाचं झाड आहे, पहिल्यांदा जाणारा हमखास पुढे जातो. एप्रिल ते जून मी तिथे चार फेऱ्या मारल्या आणि एकूण अकरा सॅम्पल तपासून घेतले. एका सॅम्पलचे सहाशे रुपये, निगेटिव्ह मोड (ऋण प्रभाराचे रेणू पाहणं) हवा असेल तर दोनशे जास्त, वर १८ टक्के जीएसटी. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि तिथे माणसं दोनच आहेत, लगेच ओळखू येतील.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते. जखमेवर लावायच्या जेलमध्ये छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) गुंफायचे, म्हणजे पेशी त्याला धरून वाढतील, असं माझं काम. त्यासाठी दोन पेप्टाइड मी हाताने, रेझिनवर एकेक अमिनो आम्ल जोडत बनवले. पहिल्यात आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक आम्ल हा तुकडा आहे. पेशी याच तुकड्याला चिकटतात हे १९८४ साली पिअर्सबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं होतं. दुसरा पेप्टाइड तुलनेसाठी. सगळं तेच, फक्त आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. दोघांचंही एक टोक ॲसेटिलने बंद केलेलं. मशीनला रेणू दिसतो तो प्रभार घेतलेलाच, बहुतेकदा एक प्रोटॉन चिकटून. हिशोबाने पहिल्याला एक प्रोटॉन चिकटला की वस्तुमान येतं ९३४.४६ आणि दुसऱ्याला चिकटला की ९०७.४०. हे दोन आकडे गेले पाच महिने मला झोपेतही पाठ आहेत.

या लॅबकडे मी वळले त्याचं कारण आधीचा अनुभव. जानेवारीत दोन्ही पेप्टाइड मी शहराबाहेरच्या एका मोठ्या केंद्राकडे कुरियरने पाठवले होते. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. आर्जिनिनवाल्याचा ९३४.५ स्वच्छ. दुसऱ्यासमोर लिहिलं होतं, "अपेक्षित वस्तुमान आढळले नाही." खाली दोन पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, दाखवले होते, ९२९.४ आणि ९४५.४. पहिल्यासमोर "अशुद्धी", दुसऱ्यासमोर "ऑक्सिडेशन". मी फोन केला. फोनवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की मॅडम, तुमचं सिंथेसिस फसलं आहे, परत करा.

मी परत केलं. एकवीस दिवस गेले. रेझिन, डीएमएफ हे द्रावक, कपलिंगची रसायनं, सगळं नव्याने. विभागातला फ्रीझ ड्रायर दुसऱ्यांच्या पाळीतून मागून घेतला. नव्याने बनवलेला पेप्टाइड पाठवायच्या आधी गाइडनी जुना रिपोर्ट मागवला, दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यातून ९०७ वजा कर बरं." एकात २२ आले, दुसऱ्यात ३८. प्रोटॉनच्या जागी सोडियम बसला की २२ ने वाढतं, पोटॅशियम बसला की ३८ ने. माझा पेप्टाइड जानेवारीपासून त्या कागदावरच होता, फक्त प्रोटॉनऐवजी मीठ घेऊन बसलेला. ऑक्सिडेशनचं म्हणाल तर ९२९ आणि ९४५ मध्ये १६ चा फरक आहे आणि ऑक्सिजन १६ चा, म्हणून कुणीतरी तसं ठोकून दिलं. पण दशांशाची पुढची घरं पाहिली तर फरक १५.९७ चा होता. ऑक्सिजन असता तर १५.९९ आला असता. शिवाय माझ्या पेप्टाइडमध्ये सहज ऑक्सिडाइज व्हावं असं मेथिओनिन नाही, ट्रिप्टोफॅन नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. मशीन चांगलंच होतं, त्याने जे होतं ते दाखवलं. ते वाचणाऱ्याने प्रोटॉनचा विचारच केला नव्हता.

म्हणून गाइडच्या ओळखीतून ही हिंगणा रोडची लॅब.

मशीनवर एक ताई बसतात. पन्नाशीच्या असाव्यात, चष्मा दोरीला अडकवलेला. पहिल्याच दिवशी ट्यूब हातात घ्यायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आर्जिनिन आहे का, लायसिन, हिस्टिडिन? (प्रोटॉन धरणारी अमिनो आम्लं हीच.) टोक बंद केलंय का? शेवटी कशात विरघळवलं, बफर होतं का? ट्यूब काचेची की प्लास्टिकची? काचेतून सोडियम सुटतो, म्हणून हा प्रश्न. मी म्हटलं, "बारीक काचेच्या कुपीत आणलंय, ताई." त्यांनी मान हलवली आणि कागदावर टिपून घेतलं. मोठ्या केंद्राच्या फॉर्मवर असे रकाने नव्हते. तिथे सॅम्पलचं नाव, अंदाजे वस्तुमान आणि बिलाचा पत्ता एवढंच होतं.

त्या दिवशी माझी एक चूक झाली होती. एका सॅम्पलचे पैसे वाचावेत म्हणून दोन्ही पेप्टाइड मी समसमान एकाच कुपीत मिसळून नेले होते. वस्तुमानं वेगळी आहेत, दोन पीक वेगळे दिसतीलच, असा विचार. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लावून पाहू. पण मला वाटतं एकच दिसेल."

लावणं म्हणजे काय ते लिहिते, कारण हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तळहातापेक्षा थोडी मोठी स्टीलची पट्टी, तिच्यावर ३८४ गोल ठिपके आखलेले. एका ठिपक्यावर एक मायक्रोलिटर. त्यात पेप्टाइड नावापुरता, बाकी मॅट्रिक्स, म्हणजे लेझर पिऊन घेणारं रसायन, पेप्टाइडच्या हजारो पट. पेप्टाइडसाठी बहुतेक ठिकाणी अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्ल वापरतात, सगळे त्याला सीएचसीए म्हणतात. पिवळसर पूड. अर्धं ॲसिटोनायट्राइल, अर्धं पाणी आणि चिमूटभर टीएफए हे आम्ल, यात ती विरघळवलेली. थेंब वाळला की तिचे कण बनतात आणि पेप्टाइड त्यांच्यात अडकतो. नागपूरचा एप्रिल होता, बाहेर ४३. ठिपके लावायच्या खोलीत डेझर्ट कूलर होता आणि ताईंनी पहिलं काम केलं ते कूलर बंद करण्याचं. "याच्या वाऱ्यात थेंब कसाही वाळतो. कधी भसकन, कधी ओलाच राहून जातो. आणि टाकीत बोअरचं पाणी आहे, त्याचे तुषार उडतात." मग पट्टीवर पेट्री डिशचं झाकण उपडं घातलं, एका बाजूने काडीएवढी फट ठेवली. आम्ही दोघी घामाने भिजून त्या झाकणाकडे पाहत बसलो. पाच-सहा मिनिटांत थेंब काठाकडून धुकं धरल्यासारखे पांढरट-पिवळे होत आत सरकत आले. भिंगातून पाहिलं तर बारीक रव्यासारखा, एकसारखा थर.

मशीन एसी खोलीत. लेझर ३५५ नॅनोमीटरचा. माझे पेप्टाइड या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक, त्यांना तो कळतच नाही. मॅट्रिक्स मात्र तो शोषून घेतं, काही नॅनोसेकंदात तापतं आणि कणाचा वरचा पापुद्रा वाफ होऊन उडतो. त्या वाफेत मॅट्रिक्सचे प्रोटॉन घेतलेले रेणू असतात, १९० वर दिसतात ते तेच, आणि त्यांच्याच गर्दीत पेप्टाइड. तिथे प्रोटॉन हात बदलतो. ज्याची प्रोटॉनवरची पकड घट्ट, त्याच्याकडे तो जातो. ही पकड मोजलेली आहे. पाण्याची ६९१ किलोज्यूल प्रति मोल, अमोनियाची ८५४ च्या आसपास, सीएचसीएची सुमारे ८४०. एकट्या आर्जिनिनची १०५० च्या आसपास. म्हणजे आर्जिनिनवाला पेप्टाइड समोर आला की मॅट्रिक्सकडे प्रोटॉन टिकतच नाही. पुढे २० हजार व्होल्टचा धक्का आणि नळीतून धाव. मी घरी येऊन हिशोब केला. ९०७ वस्तुमानाचा एक प्रभार असलेला आयन या व्होल्टेजवर सेकंदाला सुमारे ६५ किलोमीटर वेगाने जातो. नागपूरहून निघाला तर एका सेकंदात वर्ध्याच्या वेशीशी. हलका आधी पोचतो, जड नंतर, आणि त्या वेळेवरून वस्तुमान.

स्क्रीनवर आला तो ९३४.४६. उंच, सुबक, शेजारी एकेक एककाने पुढचे आयसोटोपचे छोटे पीक, पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास दुसरा, त्याहून छोटा तिसरा. ९०७ च्या जागी सपाट मैदान. ९२९ ला जरासा उंचवटा, बस.

मी म्हटलं, "पण ताई, दोघं समसमान टाकलेत."

ताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात मोहल्ल्यात टँकर येतो न, पाणी मोजकंच असतं. ज्याचा पाइप जाड त्याचा ड्रम भरतो. तुझ्या या आर्जिनिनचा पाइप जाड आहे. दुसऱ्याकडे पाइपच नाही, टोकसुद्धा तू बंद करून ठेवलंय. तो टाकीतून सांडलेलं मीठ घेऊन बसला बिचारा."

मला हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिन कापलं की माल्डीवर चांगलं का दिसतं, हेही त्याच क्षणी उमगलं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढेच कापतं, म्हणजे बहुतेक तुकड्याच्या शेपटाला प्रोटॉन धरणारा हात आपोआप मिळतो. त्यातही आर्जिनिनवर संपणारे तुकडे लायसिनवाल्यांपेक्षा ठळक दिसतात. पीकच्या उंचीवरून कुणी म्हणत असेल की हा पेप्टाइड जास्त आणि तो कमी, तर त्यावर विश्वास ठेवू नका. माझे दोन्ही समान होते आणि एक दिसलाच नाही.

प्रोटॉन नेमका कधी बसतो यावर मात्र जाणकारांत जुना वाद आहे. एका बाजूचे म्हणतात, वाफेतल्या टकरीत बसतो. दुसऱ्या बाजूने जर्मनीतले मिखाएल कारास आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली वेगळी मांडणी केली. टीएफएच्या आम्लात आर्जिनिन आधीच प्रोटॉन घेऊन बसलेला असतो, तसाच तो कणात अडकतो, आणि उडताना बहुतेकांचे प्रभार उलट्या प्रभाराशी मिळून विझतात. जे थोडे एका प्रभारासह वाचतात तेवढेच आपल्याला दिसतात. माल्डीत बहुतेक आयन एकाच प्रभाराचे का, याचंही उत्तर त्यांनी त्यातच शोधलं. पुढे २०११ मध्ये यास्कोला आणि कारास यांनी दाखवलं की दोन्ही वाटा चालू असतात, मॅट्रिक्स आणि परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त. माझ्या टोक बांधलेल्या पेप्टाइडचं दोन्ही वाटांवर सारखंच नुकसान. द्रावणात प्रोटॉन धरायला जागा नाही आणि वाफेत शेजारी आर्जिनिन बसलेला.

याच कारास यांनी आणि त्यांचे सहकारी हिलेनकाम्प यांनी १९८५ च्या सुमारास मॅट्रिक्सची ही युक्ती आणि तिचं नाव रूढ केलं. त्याच वर्षी जपानमध्ये शिमाद्झू कंपनीतले कोइची तानाका कोबाल्टच्या बारीक पुडीवर प्रयोग करत होते. चुकून त्यांनी त्यात ग्लिसरीन ओतलं. पूड महाग, फेकवेना, म्हणून तसंच लेझरखाली ठेवलं, आणि मोठे रेणू न तुटता उडाले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पीएचडी नाही, आणि २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल. ताईंनी माझी मिसळलेली कुपी लेबल लावून फ्रीझरमध्ये ठेवली तेव्हा मला तानाका आठवले. "फेकू नको," म्हणाल्या, "कामाची आहे."

पुढच्या गुरुवारी दोन्ही पेप्टाइड वेगवेगळ्या प्लास्टिक ट्यूबमध्ये, जेलच्या बर्फपिशव्यांत गुंडाळून घेऊन गेले. त्या दिवशी ताईंनी एका सॅम्पलच्या पैशात जे केलं ते मी क्रमाने सांगते, कारण सेवा म्हणजे काय ते त्यातच आहे.

ग्लुटामिकवाला एकटा सीएचसीएमध्ये लावला. ९२९.३९, ९४५.३६, आणि ९५१ लाही एक. या ९५१ मध्ये एक सोडियम प्रोटॉनऐवजी चिकटलेला आणि दुसरा आम्लाच्या हायड्रोजनची जागा घेतलेला. माझ्या पेप्टाइडवर चार आम्लगट आहेत, मिठाला मुबलक जागा. ९०७ होता, पण गवतासारखा. मग त्यांनी सी-१८ (तेलकट साखळ्या लावलेले दाणे) भरलेली पिपेटची टिप घेतली. पेप्टाइडचं द्रावण दहा वेळा आत-बाहेर ओढलं, तो टिपेतल्या दाण्यांना चिकटला. मग ०.१ टक्के टीएफएच्या पाण्याने तीनदा धुतलं, मीठ निघून गेलं. शेवटी अर्ध्या ॲसिटोनायट्राइलने थेट ठिपक्यावर उतरवला. अंगठा पिपेटवर किती हळू चालतो ते पाहण्यासारखं आहे. टिपेत हवेचा एक बुडबुडा शिरला तर सगळं वाया, म्हणून त्या तळाशी थेंबभर द्रव शिल्लक ठेवूनच ओढतात. यावेळी ९०७.४० उभा राहिला. ९२९ खाली बसला. मी स्क्रीनचा फोटो काढला आणि गाइडना पाठवला. त्यांचा एका शब्दात निरोप आला, "सापडला."

पण ताई तिथे थांबल्या नाहीत. "आता उलटं विचारू त्याला." दुसरा ठिपका ९-अमिनोॲक्रिडिनमध्ये लावला, हे मॅट्रिक्स स्वतः बेस आहे आणि टीएफए न घालता वापरतात. मशीन निगेटिव्हला. इथे प्रोटॉन घ्यायचा नसतो, द्यायचा असतो, आणि द्यायला माझ्या पेप्टाइडकडे चार आहेत. ९०५.३९, एकटा, भरदार, आजूबाजूला फारसं काही नाही. जो जानेवारीत "आढळला नाही" तो या बाजूने पाहिल्यावर सगळ्यात ठळक निघाला. माझ्यासारखे आम्ली पेप्टाइड, फॉस्फेट लावलेले रेणू, असं काही असेल तर निगेटिव्ह मोडचे दोनशे रुपये वाचवू नका.

शेवटी त्यांनी फ्रीझरमधली मिसळलेली कुपी काढली. त्यांच्याकडे क्लोरोवाली मॅट्रिक्स आहे, ४-क्लोरो-अल्फा-सायनोसिनॅमिक आम्ल, जी २००८ मध्ये कारास यांच्याच गटाने पुढे आणली. सीएचसीएमधला हायड्रॉक्सी गट काढून क्लोरीन घातला की मॅट्रिक्सची स्वतःची प्रोटॉनवरची पकड सैल होते, मग ती प्रोटॉन जास्त उदारपणे वाटते आणि आर्जिनिन नसलेल्यांनाही मिळतो. तिला लेझरचा जोर मात्र जास्त द्यावा लागतो. ताईंनी जोर एकेक टक्क्याने वाढवला, पीक रुंद व्हायला लागला तशी एक पायरी खाली आल्या. त्याच मिश्रणात, जिथे आधी सपाट मैदान होतं, तिथे ९०७ वर आला. ९३४ अजून उंचच होता, पण दोघं एका चित्रात. हे चित्र माझ्या प्रबंधात जाणार आहे.

त्या दिवशी बाजूच्या खुर्चीवर बुटीबोरीच्या एका कारखान्यातला मुलगा बसला होता, पीईजी या पॉलिमरचे नमुने घेऊन. त्याच्या ठिपक्यांमध्ये ताई चक्क सोडियमचं मीठ घालत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पीईजीला प्रोटॉन धरवत नाही, पण त्याच्या ऑक्सिजनच्या साखळीत सोडियम छान बसतो. मग त्याच्या स्क्रीनवर ४४ च्या अंतराने कुंपणाच्या खांबांसारखे पीक उभे राहिले, मधे भर आणि दोन्हीकडे उतार. माझ्यासाठी जे मीठ शत्रू, त्याचं काम त्याच्यावाचून होणार नाही.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत.

रिपोर्ट चार दिवसांत देतो म्हणतात, मला एकदा नऊ लागले. मे महिन्यात लाइन गेली, यूपीएस पुरला नाही, व्हॅक्यूम गेलं. मशीन परत त्या व्हॅक्यूमला यायला आणि स्थिर व्हायला दोन दिवस गेले. हे समजू शकते, पण फोन करून कळवायला हवं होतं. मी भर उन्हात सुभाष नगरहून मेट्रोने गेले आणि परत आले. तिथे बसायला बाहेर फक्त एक बाकडं आहे, तेही दुपारी उन्हात.

रिपोर्टचा पीडीएफ फारच आखडता. वर चित्र, खाली पाच आकडे. कोणती मॅट्रिक्स, कोणता मोड, लिनियर की रिफ्लेक्ट्रॉन (आयन सरळ धावले की परतवले), लेझरचा जोर, कॅलिब्रेशन कशावर, काही लिहिलेलं नसतं. ताईंना विचारलं की त्या सगळं तोंडाने सांगतात, वहीत टिपलेलंही असतं, पण कागदावर येत नाही. परीक्षकाने उद्या विचारलं तर मी वही कुठून आणू? मूळ डेटा मागितला तरच देतात, पेन ड्राइव्ह आपला. मी प्रत्येक वेळी मागून घेतला आणि तुम्हीही घ्या. कॅलिब्रेशनचं मात्र चांगलं आहे. माझ्या ठिपक्याच्या शेजारच्याच ठिपक्यावर ब्रॅडिकिनिनचा तुकडा ७५७.४०, अँजिओटेन्सिन-दोन १०४६.५४ आणि पुढचे, असं मापाचं मिश्रण त्या लावतात, आणि माझे आकडे त्या दोघांच्या मधे पडतात. १५.९७ आणि १५.९९ यातला फरक सांगायचा तर एवढं हवंच.

आणि सगळं त्या एका ताईंवर आहे. दुसरे दादा बिल, कुरियर आणि नायट्रोजनचं सिलिंडर पाहतात, मनमिळाऊ आहेत, पण ठिपका लावणं त्यांचं काम नाही. जूनमध्ये ताई आठवडाभर लग्नाला अमरावतीला होत्या तेव्हा एक नवीन मुलगा बसला होता. त्याने माझा पेप्टाइड न धुता सीएचसीएमध्ये लावला आणि मला ९२९ दाखवला. मी स्वतः सांगितल्यावर धुतला. शिकेल तो, वयाने लहान आहे, ऐकून घेतो. पण पैसे पूर्ण लागले.

काय नेऊ नये तेही सांगते. ५०० च्या खालचे रेणू नेऊ नका, तिथे मॅट्रिक्सचेच पीक दाटीने असतात, १७२, १९०, २१२, ३७९, तुमचा त्यात शोधता येणार नाही. किती मिलिग्रॅम आहे हे विचारायलाही जाऊ नका. जंतू ओळखायचे असतील तर ते काम रुग्णालयातल्या मशीनचं. तिथे हेच तंत्र जंतूंच्या रायबोसोमच्या प्रथिनांचा ठसा पाहून काही मिनिटांत नाव सांगतं, पण त्याला लागणारा संग्रह या लॅबकडे नाही आणि त्या ते सरळ सांगतात.

नेताना हे करा. प्लास्टिक ट्यूब वापरा. शेवटची धुलाई बफरने करू नका. शक्यतो सुकी पूड न्या, एक मिलिग्रॅमही पुष्कळ होते. अमिनो आम्लांचा क्रम कागदावर लिहून न्या आणि त्यात आर्जिनिन, लायसिन, हिस्टिडिनवर खूण करा, टोक बंद असेल तर तेही लिहा. दोन पेप्टाइड वेगळे न्या. गुरुवार-शुक्रवार सकाळी अकराच्या आत पोचलात तर ताई बसू देतात आणि समोर लावतात. दुपारी गेलात तर ट्यूब ठेवून यावी लागते. बसता आलं तर नक्की बसा. माझे ते तीन तास वर्षभराच्या वाचनापेक्षा उपयोगी ठरले.

शहराबाहेरच्या त्या केंद्राला मी दोन्ही स्पेक्ट्रम जोडून ईमेल लिहिला. पैसे परत मागितले नाहीत, फक्त रिपोर्ट दुरुस्त करा म्हटलं. उत्तर आलेलं नाही.

या गुरुवारी मी तिसरा पेप्टाइड नेते आहे. यात ग्लुटामिकच्या जागी लायसिन आहे. प्रोटॉन घेतल्यावर त्याचं वस्तुमान ९०६.४६ यायला हवं, आणि आर्जिनिनवाल्याशी मिसळल्यावर तो किती दबतो ते क्लोरोवालीत आणि साध्या सीएचसीएमध्ये शेजारी शेजारी पाहायचं ताईंनी कबूल केलं आहे. कूलर बंद राहणार, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या नेते आहे, एक त्यांच्यासाठी.